कॅनवरचा इशारा आणि मुलाच्या छातीवरचं नाव

माझा भाचा ११ वर्षांचा आहे आणि त्याचं वजन ३२ किलो आहे. हा आकडा घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीत, शर्यत संपली की गाडी आणि चालक दोघांना एकत्र काट्यावर चढवतात. त्याच्या गटासाठी ठरलेल्या किमान वजनात तो कमी भरतो, म्हणून त्याच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळलेल्या असतात. पोरगं थोडं वाढलं की माझी बहीण पाना घेऊन बसते आणि एखादी पट्टी काढून टाकते.

एका रविवारी अंतिम फेरीआधी तंबूत गेलो तर हा पठ्ठ्या एनर्जी ड्रिंकचा अर्ध्या लिटरचा कॅन पीत बसलेला. निम्म्याहून जास्त संपलाही होता. बहिणीने तो काढून घेतला, उलटा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. कॅफीनचं प्रमाण जास्त आहे, मुलांसाठी शिफारस केलेली नाही, असं त्यावर छापलेलं होतं. कॅन देणारा मुलगा शेजारीच उभा होता, असेल १४ वर्षांचा. पोरगा चांगला, शर्यतीआधी धाकट्याला पाणी विचारावं तितक्या सहजपणे त्याने तो दिला होता. त्याच्या टोपीवर, छातीवर आणि दोन्ही बाह्यांवर त्याच पेयाचं नाव होतं. त्या रात्री भाचा साडेअकरापर्यंत टक्क जागा होता.

त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या आवडत्या चालकाच्या अंगावर जे असतं तेच त्याने घातलं होतं, आणि त्या चालकाच्या हातात जे दिसतं तेच त्याने पुढे केलं होतं. प्रश्न त्या चालकाच्या अंगावर ते नाव कुठून आलं हा आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ते मुलांच्या अंगावर येऊ दिलं कुणी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एनर्जी ड्रिंक कंपन्यांना मोटरस्पोर्टमधून हाकला, असं मी म्हणत नाही. मोठ्यांच्या शर्यतीत मोठ्यांनी कुणाचा पैसा घ्यावा हा वेगळा वाद आहे. पण ज्या पेयाच्या कॅनवर ‘मुलांसाठी नाही’ असं छापावं लागतं, त्याचं नाव १८ वर्षांखालच्या स्पर्धकाच्या सूटवर, हेल्मेटवर, गाडीवर किंवा मुलांच्या स्पर्धेच्या नावात असता कामा नये. आणि हा नियम शर्यतीच्या संघटनांनी स्वतःहून करावा, सरकारांनी हात पिरगाळण्याची वाट बघू नये.

हे नातं इतकं घट्ट कसं झालं, ते बघू. डीट्रिख माटेशिट्झ या ऑस्ट्रियन माणसाला थायलंडमध्ये ‘क्रेटिंग डेंग’ नावाचं शक्तिवर्धक पेय सापडलं. ते बनवणाऱ्या चालेओ यूविद्या यांच्याबरोबर १९८४ मध्ये त्याने कंपनी काढली आणि १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ बाजारात आणलं. त्यानंतर थोड्याच काळात ऑस्ट्रियाचाच फॉर्म्युला वन चालक गेऱ्हार्ड बर्गर त्या कंपनीशी जोडला गेला. म्हणजे पेय आणि शर्यत जवळजवळ जुळी भावंडं आहेत. १९९५ पासून सॉबर संघाच्या गाडीवर रेड बुलचं नाव आलं. नोव्हेंबर २००४ मध्ये फोर्डला नकोसा झालेला जॅग्वार संघ या कंपनीने एका डॉलरच्या नाममात्र किमतीला घेतला आणि खर्चाची सगळी जबाबदारी उचलली. पुढच्याच वर्षी इटलीचा छोटा मिनार्डी संघही घेतला आणि त्याला नाव दिलं ‘टोरो रोसो’, म्हणजे इटालियन भाषेत रेड बुलच.

इथून चित्र पालटलं. तोपर्यंत बहुतेक वेळा प्रायोजक म्हणजे गाडीवर नाव चिकटवणारा पैसेवाला. संघ वेगळा, प्रायोजक वेगळा, आणि दोघांचं फाटलं तर स्टिकर काढून नवा लावायचा. रेड बुलने संघच आपल्या नावाचा केला. समालोचक गाडीचं नाव घेतो तेव्हा पेयाचं नाव घेतो. निकालाच्या तक्त्यात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, मुलांच्या वहीवर तेच नाव उमटतं. सेबास्टियन फेटलने २०१० ते २०१३ आणि मॅक्स फेर्स्टापनने २०२१ ते २०२४ अशी प्रत्येकी सलग चार विजेतेपदं मिळवली, ती या नावाने. ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गच्या ट्रॅकचं नावही २०११ पासून ‘रेड बुल रिंग’ आहे. आता यात जाहिरात कुठे संपते आणि खेळ कुठे सुरू होतो हे मोठ्या माणसालाही सांगता येणार नाही. ११ वर्षांच्या मुलाने ते ओळखावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

मॉन्स्टर या दुसऱ्या एनर्जी ड्रिंक कंपनीची वाट थोडी वेगळी. त्यांनी संघ विकत घेतला नाही, माणसं घेतली. २०१० पासून २०२३ पर्यंत ते मर्सिडीजबरोबर होते, २०२४ पासून मॅक्लॅरेनबरोबर आहेत. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या मालिकेत यामाहा कंपनीच्या स्वतःच्या संघाच्या नावात २०१९ पासून मॉन्स्टर आहे, आणि अमेरिकेतल्या नॅसकार या मोटरशर्यतींची मुख्य मालिका २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षं त्यांच्याच नावाने धावली. व्हॅलेंटिनो रॉसी, लुईस हॅमिल्टन आणि आता लँडो नॉरिस, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पेय त्यांनी काढलं. मुलाला नायक आवडतो, आणि दुकानातल्या फडताळावर त्या नायकाच्या नावाचा कॅन उभा असतो. नायक आणि कॅन यांच्यामध्ये दुसरं काहीच उरत नाही.

शर्यत संपल्यानंतरची दोन मिनिटं नीट बघा. चालक गाडीतून उतरतो, हेल्मेट काढतो, घामाने केस कपाळाला चिकटलेले असतात. मुलाखत घेणारा येण्याआधी कुणीतरी धावत येऊन त्याच्या डोक्यावर टोपी चढवतं आणि हातात लोगो असलेली बाटली देतं. तो दमलेला असतो, तहानलेला असतो, आणि कॅमेऱ्यासमोर घटाघटा पितो. त्या घोटात काय सांगितलं जातं हे लहान मूल बरोबर ओळखतं. इतकं अवघड काम करून आलेला माणूस हे पितो, म्हणजे याच्यातच ती ताकद असणार.

प्रत्यक्षात गाडीत तो काय पीत असतो? सीटच्या आसपास एक पिशवी असते, तिच्यातून एक नळी हेल्मेटपर्यंत येते आणि स्टीअरिंगवरचं बटण दाबलं की घोट तोंडात येतो. पिशवीत असतं पाणी आणि क्षार. उष्ण शर्यतीत चालकाच्या अंगातून दोन-तीन किलो घाम जातो आणि पिशवीतलं पाणी चहासारखं गरम होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडावी लागली. अशा माणसाला हवं असतं पाणी, मीठ आणि गारवा. कॅमेऱ्यासमोरच्या बाटलीत खरोखर काय असतं, तेही जाणून घेण्यासारखं आहे. खेळाडूंसाठी आणि मंचावरच्या वादकांसाठी मॉन्स्टरने ‘टूर वॉटर’ नावाचे खास कॅन काढले होते. बाहेरून तोच काळा डबा, तोच नखांच्या ओरखड्याचा लोगो, आत साधं पाणी. खेळाडूला पाणीच लागतं हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. पडद्यासमोर बसलेल्या मुलाला ते कुणी सांगत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर तो याचा.

आता कॉफीचा मुद्दा. हा वाद निघाला की पहिलं उत्तर हेच येतं: २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक कप कॉफी, मग एवढा आरडाओरडा कशाला? मोठ्या माणसापुरतं हे उत्तर खरं आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. मी स्वतः रोज तीन कप कॉफी पितो. पण मुलांसाठी त्याच प्राधिकरणाने धरलेलं माप आहे दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. काट्यावरचा आमचा आकडा इथे उपयोगी पडतो. ३२ किलोच्या मुलाचे होतात ९६ मिलिग्रॅम. अर्ध्या लिटरच्या कॅनमध्ये असतात १६०. पन्नास किलोच्या मुलाची मर्यादा येते १५०, म्हणजे तो मोठा मुलगासुद्धा एका कॅनमध्येच रेषेपलीकडे जातो. साखर वेगळीच: नेहमीच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ती २७ ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय गरम, कडू कॉफी मूल एका दमात पीत नाही. थंड, गोड, फसफसणारं पेय पितं, तेही खेळून आल्यावर, तहान लागलेली असताना.

हे काही माझ्या एकट्याच्या मनातलं भय नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्येच सांगितलं की मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. युरोपीय संघात लिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन असलेल्या अशा पेयांवर तो इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि या पेयांत ते त्याच्या दुप्पट असतं. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लाटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने २०२४ पासून १८ वर्षांखालच्यांना ही पेयं विकायलाच बंदी घातली आहे.

या कायद्यांच्या शेजारी मोटरसायकलच्या शर्यतीतली एक गोष्ट ठेवून बघा. २००७ पासून ‘रेड बुल मोटोजीपी रूकीज कप’ ही किशोरवयीन स्वारांची स्पर्धा चालते. जगज्जेता झालेला होर्गे मार्टिन २०१४ मध्ये ही स्पर्धा जिंकला तेव्हा १६ वर्षांचा होता. पेड्रो अकोस्टा २०२० मध्ये जिंकला तेव्हा तोही १६ वर्षांचाच होता. त्या वयाचा मुलगा आज पोलंडमध्ये दुकानात गेला तर विक्रेता त्याला तो कॅन देऊ शकत नाही. पण त्याच कॅनचं नाव मिरवणाऱ्या स्पर्धेत तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावू शकतो. ज्याला विकायचं नाही त्याच्याच करवी विकायचं, हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

चारचाकीत याहून ठळक उदाहरण आहे. मार्च २०१५ मध्ये मेलबर्नला मॅक्स फेर्स्टापन टोरो रोसोच्या गाडीतून पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा १७ वर्षांचा होता. रस्त्यावर गाडी चालवायचा परवानाही त्याच्याकडे नव्हता. फॉर्म्युला वनच्या इतिहासात इतक्या कमी वयाचा चालक त्याआधी आला नव्हता. मुलगा विलक्षण होता, पुढे त्याने ते सिद्धही केलं. पण त्याच्या येण्याने एफआयए ही मोटरशर्यतींची जागतिक संघटना जागी झाली आणि फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी वयाची अट १८ वर्षं केली. नंतर त्यात अपवादाची सोय झाली ती वेगळी. मला यातून एवढंच दाखवायचं आहे की वयाची रेघ ओढणं या संघटनेला जमतं आणि तिच्या अधिकारातही आहे. गाडी चालवायला वय लागतं असं ती म्हणू शकते, तर जाहिरात अंगावर घालायलाही वय लागतं असं म्हणू शकते.

तंबाखूची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, पण ती जपून काढायला हवी. सिगारेट आणि एनर्जी ड्रिंक एका मापाने मोजणं खोटेपणा होईल. सिगारेट माणसं मारते; मोठ्या माणसाने कधीतरी प्यायलेला कॅन तसं करत नाही. माझी तुलना पदार्थाशी नाही, शर्यतीच्या वागण्याशी आहे. १९६८ मध्ये लोटस संघाच्या गाड्या ‘गोल्ड लीफ’ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात आल्या, आणि तिथून पुढे जवळजवळ चार दशकं हा खेळ सिगारेटच्या पैशावर चालला. धोका माहीत नव्हता अशातला भाग नाही. पण खेळाने स्वतःहून पाऊल उचललं नाही. सरकारं आली की पळवाटा निघाल्या. जिथे बंदी तिथे जॉर्डन संघाने ‘बेन्सन अँड हेजेस’ या सिगारेटच्या नावातली काही अक्षरं गाळून ‘बी ऑन एज’ असं लिहिलं. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये नव्या सरकारने फॉर्म्युला वनला तंबाखूच्या जाहिरातबंदीतून सूट द्यायचं ठरवलं, आणि फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन यांनी सत्ताधारी पक्षाला १० लाख पौंडांची देणगी दिल्याचं बाहेर आलं. पंतप्रधानांना दूरचित्रवाणीवर माफी मागावी लागली, देणगी परत गेली. अखेर ३१ जुलै २००५ पासून युरोपीय संघाची बंदी लागू झाली. त्यानंतरही फेरारीच्या गाडीवर सिगारेटच्या पाकिटाची आठवण करून देणारा पट्ट्यापट्ट्यांचा एक ‘बारकोड’ राहिलाच, तो निघाला २०१० मध्ये, तोही डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर.

तारखा जुळवून बघा. जॅग्वार संघ रेड बुलकडे गेला नोव्हेंबर २००४ मध्ये, तंबाखू गेली जुलै २००५ मध्ये. मधे नऊ महिनेसुद्धा नाहीत. त्या काळी संघांचे मालक सांगत होते की सिगारेटचा पैसा गेला तर खेळ मोडून पडेल. तो मोडला नाही. नवा पैसा आला, आणि २०२१ मध्ये तर संघांच्या खर्चाला कमाल मर्यादा घालायची पाळी आली. म्हणून ‘पैसा आटेल’ ही भीती कुणी दाखवली की मला २००५ आठवतं.

तरीही पैशाचा एक प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. हा खेळ श्रीमंतांच्या मुलांचा आहे. कार्टिंगचे टायर, इंजिनं, प्रवास यांत सामान्य कुटुंबाचं दिवाळं निघतं. आमच्या घरातही तो हिशेब दर महिन्याला मांडला जातो. फेटलचे वडील सुतारकाम करायचे, आणि तो वर आला तो रेड बुलच्या कनिष्ठ चालकांच्या योजनेतून. मिनार्डीचा वारसा सांगणाऱ्या टोरो रोसोच्या गाडीतून २००८ मध्ये इटलीतल्या मोंझाला भर पावसात तो जिंकला, तेव्हा २१ वर्षांचा होता. ती शर्यत मी कधीच विसरणार नाही. रूकीज कपमध्ये तर मुलांना मोटरसायकल, टायर, तंत्रज्ञ सगळं फुकट मिळतं, ज्याच्या बापाच्या खिशात दमडी नाही त्या स्वारालाही दार उघडतं. वाहन कंपन्या, तेल कंपन्या, घड्याळवाले यांपैकी फार थोड्यांनी किशोरवयीन मुलांसाठी इतकं सातत्याने केलं आहे. हे मी मनापासून मान्य करतो. ही योजना उद्या बंद पडली तर नुकसान होईल ते हुशार आणि गरीब मुलांचं, श्रीमंतांच्या मुलांना काही फरक पडणार नाही.

म्हणूनच माझी मागणी पैसा थांबवण्याची नाही, नाव थांबवण्याची आहे. शिष्यवृत्ती द्या, मोटरसायकली द्या, तंत्रज्ञ द्या. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या अंगावर आपलं नाव घालू नका. ते मोठं होऊन जिंकेल तेव्हा तुमच्या योजनेतून आलं हे सगळ्या जगाला कळेलच. फेटलचं मूळ कुठलं हे आम्हाला त्याच्या कार्टिंगच्या सूटवरून कळलेलं नाही. मुलांचं भलं व्हावं म्हणून आम्ही हे करतो असं कंपन्या म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. तसं असेल तर नाव झाकल्याने ते भलं कमी होत नाही. आणि नाव झाकल्यावर पैसा मागे घेतला गेला, तर तो कशासाठी येत होता हेही कळेल.

नियम करायला अवघडही नाही. कार्टिंग, फॉर्म्युला फोर, रूकीज कप यांसारख्या स्पर्धांमध्ये सूटची तपासणी आजही होते, अग्निरोधक कापडाचा शिक्का बघितला जातो, हेल्मेटचं प्रमाणपत्र बघितलं जातं. त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट बघायची. चारचाकीसाठी एफआयए आणि दुचाकीसाठी एफआयएम, या दोन संघटनांच्या नियमपुस्तकात एकेक कलम पुरे. बहरीनमध्ये पोडियमवर शॅम्पेन चालत नाही म्हणून तिथे गुलाबपाण्याचं फसफसतं पेय उडवलं जातं, आणि विजेत्याचा आनंद काही कमी झालेला दिसत नाही. स्थानिक कायद्यासाठी जे चालतं ते मुलांसाठीही चालायला हवं. मुलांच्या मापाच्या टोप्या आणि शर्टांवरही हाच नियम लागू करावा, कारण ट्रॅकवर उतरणाऱ्या मुलांपेक्षा स्टँडमध्ये बसणारी मुलं कितीतरी पटीने जास्त असतात. तिथे कंपन्यांचं मोठं नुकसान होईल, आणि विरोधही तिथेच जास्त होईल. संघाचं नावच पेयाचं असेल तर त्या संघाचा शर्ट मुलाने घालायचाच नाही का, असा प्रश्न येईल. माझं उत्तर: चालकाचा क्रमांक आणि नाव असलेला शर्ट घालावा. मुलांना तोच हवा असतो.

भाच्याला यंदा नवा सूट घ्यायचा आहे, जुना आखूड झाला. बहिणीने त्याला कागद देऊन सूट कसा हवा ते काढायला सांगितलं. त्याने काढला तेव्हा छातीवर सवयीने तोच लोगो रंगवला, अगदी हुबेहूब, रंगांसकट. मग स्वतःचं नाव आणि क्रमांक लिहायला जागाच राहिली नाही, म्हणून तो पाठीवर, कमरेच्या पट्ट्याखाली, बारीक अक्षरात लिहिला. बहिणीने त्याला दुसरा कागद दिला आहे.